कुलूपराव कोणाचे?

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आमच्या कंपनीचे संचालक आणि आम्हा जुन्या लोकांचे धाकटे साहेब; वेळात वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या, आमच्या ब्रँड सल्लागार बाई; व्यासपीठावरचे कायदा आणि विक्री विभागाचे प्रमुख; खाली जमलेले जुळणीचे, पॉलिशचे, पॅकिंगचे सर्व सहकारी; दाराशी उभे असलेले आणि खुर्ची मिळाली नाही म्हणून माझ्यावर चिडलेले काही जण; आणि जिच्यासाठी आपण सगळे इथे आलो आहोत ती आपली लेखिकाबाई. सर्वांना माझा नमस्कार.

मी बोलावं असं तिनेच सुचवलं. आता तुम्ही म्हणाल, तक्रार विभागाच्या माणसाला निरोपाचं भाषण कोण देतं? मीही तेच म्हणालो. ती म्हणाली, "दादा, तुम्हाला सुंदर बोलता येत नाही, म्हणूनच तुम्ही बोला." याला मी कौतुक समजलो. तिने दुसरंही एक सांगितलं होतं, की काय सांगायचं ते खुशाल सांगा, फक्त विनोद करू नका. मी तिला शब्द दिला आहे. आता बोलता बोलता तुम्हाला कुठे हसू आलं, तर ते माझ्या खात्यात धरू नये.

आपली कंपनी कुलपं बनवते. हे पाहुण्यांसाठी सांगतो असं नाही, आपल्याच नव्या मुलांसाठी सांगतो, कारण हल्ली काही जणांना वाटतं की आपण विनोद बनवतो आणि त्यासोबत कुलूप फुकट देतो.

लेखिकाबाई आल्या तेव्हा त्यांचं काम अगदी साधं होतं. खोक्यात घालायची ती घडीची पत्रिका असते ना, किल्ली कशी फिरवावी, तेल कधी घालावं, ती लिहायची. बसायला जागा नव्हती म्हणून तिचं टेबल माझ्या टेबलाला लावलं. तिथे खालच्या मजल्यावरचं घण मारल्यासारखं ठोकणं थेट तळव्यांना लागतं. नवीन माणूस आठवड्यात जागा बदलून मागतो. तिने मागितली नाही. म्हणाली, "आमच्या घरी शिलाई मशीन चालायचं दिवसभर. आवाज थांबला की मला झोप लागत नाही." एवढ्या एका वाक्यावर आमची ओळख झाली. नंतर मी तिला अगं-तुगं करायला लागलो आणि ती मला दादा म्हणायला लागली.

तेव्हा समाजमाध्यमांवर कंपनीच्या नावाने एक खातं होतं, आणि ते माझ्याकडे होतं. कोणी काही लिहिलं की मी एकच उत्तर द्यायचो. 'आपली तक्रार नोंदवली आहे.' एकाने वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या होत्या कंपनीला, त्यालाही मी हेच पाठवलं होतं. असो.

एके दुपारी मी दातांच्या डॉक्टरकडे गेलो होतो आणि तिला म्हणालो, जरा लक्ष ठेव. त्या दुपारी एका गृहस्थांनी लिहिलं, 'तुमचं कुलूप लागलंय की नाही तेच कळत नाही. रोज तीन-तीनदा ओढून बघावं लागतं.' तिने काय उत्तर द्यावं? तिने कुलूप होऊन उत्तर दिलं. 'ओढून बघा हो, खुशाल बघा. पण जिना उतरून जाता आणि पुन्हा वर येऊन बघता, ते मनाला लागतं. असो. मी काय, मी आहेच इथे टांगलेला.'

हसलात. हसा. त्या दिवशीही लोक असेच हसले. मी सुन्न जबडा घेऊन परत आलो तेव्हा ते उत्तर गावभर झालं होतं आणि धाकटे साहेब टेबलाशी उभे होते. साहेब, तुम्हाला आठवत असेल, तुम्ही आधी विचारलं, "हे कोणी लिहिलं?" आणि तुमचा आवाज काही चांगला नव्हता. मग तुमचा फोन वाजला, पलीकडून कोणीतरी तुमचंच अभिनंदन केलं, आणि फोन ठेवून तुम्ही पुन्हा विचारलं, "हे कोणी लिहिलं?" शब्द तेच होते. सूर मात्र बदलला होता.

अशा रीतीने कुलूपराव जन्माला आले. पुढचं तुम्हाला पाठ आहे. कोणी लिहिलं, किल्ली हरवली, तर कुलूपराव म्हणाले, 'हरवली तुम्ही, आणि तोंड बंद ठेवून बसायचं मी.' कोणा मुलीने विचारलं, दिवसभर दाराला लटकून कंटाळा येत नाही का? कुलूपराव म्हणाले, 'येतो. मग शेजारच्या बेलकडे बघतो. येणारा-जाणारा तिला टोचून जातो. त्या मानाने आपलं बरं चाललंय.' ती बोटाच्या ठशावर उघडणारी कुलपं बनवणारी मंडळी आपल्याला चिडवायला आली, की आमच्याकडे किल्ली लागत नाही, बोट पुरतं. तेव्हा कुलूपराव काय म्हणाले? 'बरोबर आहे. आमच्याही घरात काही जण नुसतं बोट दाखवून सगळी कामं करवून घेतात.' त्या कंपनीने यावर हात जोडल्याचं चित्र पाठवलं. लोक कुलूप घ्यायला दुकानात जायचे आणि दुकानदाराला सांगायचे, ते रुसणारं द्या.

तुम्ही सगळ्यांनी तिला विचारलंय, हे सुचतं कसं? मीही विचारलं होतं. ती नुसती हसायची. मला त्याचं उत्तर मिळालं ते तिचे वडील ऑफिसात आले तेव्हा.

तिचे वडील शिंपी होते, पुरुषांचे कपडे शिवायचे. एकदा ती छत्री विसरली म्हणून ते छत्री घेऊन आले. ती बैठकीत होती. मी म्हणालो, बसा, येईलच. ते बसले नाहीत. खुंटीजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "चालू द्या तुमचं. मी काय, मी आहेच इथे टांगलेला, शिवून झालेल्या कोटासारखा."

माझ्या हातातला कप तसाच राहिला.

मग त्यांनी माझ्या पँटकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "आपण तक्रार विभागात ना? मग ही ज्याने शिवली त्याच्यावर एक नोंदवून ठेवा." मी हसायला लागलो तर त्यांचा चेहरा आणखी गंभीर. लेक बाहेर आली तर तिला म्हणाले, "आलात? या. आम्ही काय, ओळख सांगितली की ओळखतोच." तो रुसवा, ते उगाच मान दुखावल्यासारखं बोलणं, त्याखालचं प्रेम, सगळं तेच होतं. मी आमच्या कुलूपरावांना प्रत्यक्ष भेटलो होतो, आणि ते माझी पँट उसवून बघत होते.

ते गेल्यावर मी तिला म्हणालो, "अगं, हे तर..." ती म्हणाली, "दादा, कोणाला सांगू नका. लोकांना वाटतं मी विनोदी आहे. मी नाहीये हो. मी घरी ऐकते आणि इथे लिहिते."

तू मान हलवू नकोस. सांगायचं ते सांगा असं तूच म्हणाली होतीस.

पुढे वर्ष-दीड वर्षाने त्यांना पक्षाघाताचा झटका आला. कोणाच्या तरी बाह्या लावत होते, मशीनवरच कलंडले. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. अगदी सगळी गेली नाही. एक शब्द राहिला. 'बरं.' पाणी हवं असेल तर बरं, नको असेल तर बरं, राग आला तर बरं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, एखादा शब्द मागे राहतो. आता विचार करा, ज्या माणसाने जन्मभर समोरच्याला बोलण्यात कधी जिंकू दिलं नाही, त्याच्याकडे हा एवढाच शब्द उरला.

दिवसा त्यांच्याजवळ बसायला एक बाई ठेवून ती सुट्टीनंतर कामावर आली. मी म्हटलं, "काही दिवस मी बघतो खातं." ती म्हणाली, "तुम्ही बघाल तर सगळ्यांची तक्रार नोंदवली जाईल." आणि लिहायला बसली. त्या महिन्यातली कुलूपरावांची उत्तरं काढून बघा. मी सांगतो, तिने कधीच इतकं चांगलं लिहिलं नव्हतं.

मी एका संध्याकाळी त्यांना बघायला गेलो. छोटी खोली. कॉटच्या पायाशी ते मशीन, त्यावर चादर टाकलेली. खिडकीतून मागची गल्ली दिसायची, आणि त्यांना कुशीवर वळवलं की त्यांचं तोंड बरोबर त्या खिडकीकडे यायचं. ती स्टुलावर बसली आणि मोबाईल काढून कुलूपरावांची दुसऱ्या दिवशी खात्यावर टाकायची वाक्यं त्यांना वाचून दाखवायला लागली. एक वाचलं. काही नाही. दुसरं वाचलं. ते म्हणाले, "बरं." पण असं म्हणाले, की मला बसल्या जागी कळलं, वाक्य टाकाऊ आहे. तिने लगेच खोडलं. शब्द बदलून पुन्हा वाचलं. त्यांनी डाव्या हाताने तिची बाही ओढली. तिने आणखी एक शब्द काढला. मग त्यांच्या तोंडाचा डावा कोपरा वर गेला. तेवढाच जाऊ शकायचा. ती म्हणाली, "हे जाईल उद्या."

दुसऱ्या दिवशी ते वाक्य तुम्ही सगळ्यांनी वाचलंत. जेवणाच्या सुट्टीत तुम्ही एकमेकांना ते म्हणून दाखवलंत, मी तिथेच होतो. आणि घरी गेल्यावर तिने तुमचं हसणं त्यांना जसंच्या तसं सांगितलं असणार. ते घर त्या दोघांचं असंच चाललं होतं. दिवसभर ती त्यांच्या आवाजात जगाशी बोलायची, आणि संध्याकाळी तो आवाज ज्याचा होता त्याच्याकडून तपासून घ्यायची.

यानंतर आमच्या प्रमुख पाहुण्या आमच्या कंपनीत आल्या. बाई, मी हे कडवटपणे सांगत नाहीये. तुमचं शिबिर आम्हाला खरोखर आवडलं होतं. याच सभागृहात झालं. विषय होता 'तुम्हीच तुमचा ब्रँड'. तुम्ही म्हणालात, व्यक्तिमत्त्व हे दुकान आहे, पाटी ठळक हवी, नाहीतर गिऱ्हाईक पुढे जातं. मग प्रत्येकाला एक कार्ड दिलंत आणि सांगितलंत, तीन शब्दांत स्वतःला लिहा. पॅकिंगच्या एकाने लिहिलं 'शांत, मेहनती, उपाशी', कारण जेवणाची वेळ टळून गेली होती. मी लिहिलं, 'तक्रार नोंदवली आहे'. तुम्ही माझं कार्ड सर्वांना दाखवलंत आणि म्हणालात, किती प्रामाणिक!

लेखिकाबाईंनी हात वर केला. विचारलं, "माझे तीन शब्द लिहू, की कुलूपरावांचे?"

तुम्ही फार प्रेमाने म्हणालात, "हाच तर तुमचा विजय आहे. आता फरकच राहिलेला नाही."

आम्ही टाळ्या वाजवल्या. तिनेही वाजवल्या. कार्ड मात्र तिने कोरंच परत दिलं.

त्यानंतरचा सल्लाही चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. एवढा मोठा आवाज एकाच माणसावर अवलंबून राहिला, आणि उद्या ती आजारी पडली, लग्न करून गेली, दुसरीकडे गेली, तर? कोणीही धंदेवाईक माणूस हाच विचार करेल. म्हणून कुलूपरावांची आजवरची सगळी वाक्यं संगणकातल्या एका यंत्राला शिकवायचं ठरलं. शिकवायचं कोणी? तिनेच. बरेच आठवडे ती माझ्या शेजारी बसून यंत्राची वाक्यं तपासत होती. पडद्यावर वाक्य यायचं आणि ती बटण दाबायची. हे कुलूपराव म्हणतील. हे म्हणणार नाहीत. हे म्हणतील, पण इतकं लांबवणार नाहीत. कारागीर नव्या मुलाला शिकवतो ना, तसं तिने ते मनापासून शिकवलं. मी तिला म्हटलंही होतं, "थोडं चुकीचं शिकव की." ती म्हणाली, "दादा, बाबांचं बोलणं मी चुकीचं कसं शिकवू?"

एके सकाळी ती आली ती पर्ससुद्धा खाली न ठेवता बसली. म्हणाली, "काल बाबा हसले."

मी म्हणालो, "मग चांगलंच झालं की."

"खूप हसले. डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या. इतक्या दिवसांत असे हसले नव्हते."

"अगं मग तोंड का असं?"

"ती ओळ माझी नव्हती, दादा. यंत्राची होती. मी गंमत म्हणून मध्येच वाचली."

मी तिच्या खांद्यावरची पर्स काढून टेबलावर ठेवली.

त्या दिवसापासून ती घरी वाचून दाखवायची ती यंत्राची वाक्यं. म्हणायची, त्यांना हसू आलं म्हणजे झालं, कोणाचं का असेना. बोलायला हे ठीक आहे. पण मी शेजारी बसतो. तिने टेबलावर एकही ओळ स्वतःहून लिहिलेली मी त्यानंतर पाहिली नाही.

तिचे वडील गेले ते सकाळी, चहा पिताना. त्रास झाला नाही. आम्ही चार-पाच जण गेलो होतो. तिथे, त्या घराच्या दाराशी चपला काढताना, माझ्या शेजारी उभ्या असलेल्या कोणाच्या तरी खिशात मोबाईल वाजला. त्याने बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू फुटलं, आणि लगेच त्याने ते पुसलं. मी विचारलं नाही. मला माहीत होतं, ती वेळ कुलूपरावांच्या रोजच्या वाक्याची असते. खातं तोवर यंत्रच चालवायला लागलं होतं, आणि त्याला कोणी सांगितलं नव्हतं, की आज गप्प बस. आणि सांगणार तरी काय? कंपनीत मी सोडून कोणाला माहीत होतं, की त्या दिवशी नक्की कोण गेलं?

आता मी जे सांगणार आहे ते मी तिला दोनदा विचारून घेतलंय.

सगळे पाहुणे परत गेल्यावर ती एकदा बाजारातून घरी आली. दाराला आपलंच कुलूप होतं. तिच्यावर ते लावायची वेळ आजवर आली नव्हती, ती परतायची तेव्हा घरात कायम माणूस असायचं. तिने ते उघडलं, आत गेली, मशीनवर टाकलेली चादर बघितली, आणि मोबाईल काढून स्वतःच्या नावाने, एखादं गिऱ्हाईक लिहितं तसं लिहिलं: 'कुलूपराव, आज पहिल्यांदाच कुलूप उघडून घरात आले. आत कोणीच नाही.'

उत्तर क्षणात आलं. 'कोणी नाही कसं? मला बाहेर ठेवून आत गेलात आणि वर हे ऐकवता? चालू द्या. मी काय, मी आहेच इथे टांगलेला.' पुढे डोळा मारणारा चेहरा, आणि त्याखाली नव्या कुलपावर सवलतीचा एक कोड.

त्या उत्तराला इतकी माणसं खाली लाल बदाम देऊन गेली, की ते दिवसभर सगळीकडे फिरत होतं. आपल्यातल्याही काहींनी दिले. तुम्हाला माहीत नव्हतं, तुमची चूक नाही.

तिने ते मला दाखवलं. मी म्हटलं, आता ही रडेल. ती रडली नाही. तिने ते एखाद्या परीक्षकासारखं पुन्हा वाचलं आणि म्हणाली, "उत्तर चांगलं आहे, दादा. बाबा हेच म्हणाले असते. मीही हेच लिहिलं असतं." आणि मोबाईल पालथा ठेवून म्हणाली, "आता मी काय करू?"

मित्रहो, तक्रार विभागात इतकी वर्षं काढून मला एक सवय लागली आहे. समोरचा माणूस बोलायला लागला की मी मनात शोधायला लागतो, दोष कुठे आहे? कडी वाकडी आहे, किल्ली घासली आहे, की माणसानेच उलटी घातली आहे? या गोष्टीत मी खूप शोधलं. मला कुठेच सापडला नाही. सगळ्यांनी आपापलं काम नीट केलं. यंत्रानेही केलं.

तिने एक प्रयत्न करून बघितला. स्वतःच्या नावाने एक खातं उघडलं. बाई, तुमच्याच शिबिरातलं आठवून, पाटी वगैरे लावून. त्यावर ती वडिलांविषयी लिहायला लागली. त्यांची मापं घ्यायची पद्धत, गिऱ्हाईक कपडे न्यायला आलं नाही की ते म्हणायचे, "कोट तयार आहे, माणूस अजून तयार नाही." सुंदर लिहिलं होतं. मला शिवणातलं कळत नाही, पण मी ते घरी बायकोला वाचून दाखवलं आणि ती भाजी चिरायची थांबली. त्याखाली लोकांनी काय लिहावं? एकाने लिहिलं, 'कुलूपरावांची नक्कल.' दुसऱ्याने लिहिलं, 'ताई, स्वतःचं काहीतरी करा.' तिसरा फार सभ्य होता, त्याने लिहिलं, 'प्रयत्न चांगला, पण मूळ कुलूपरावांची सर नाही.'

आणि मग आमच्या कायदा विभागाचं तिला पत्र गेलं. कायद्याचे साहेब, तुम्ही मान खाली घालू नका, ते तुमचं कामच आहे, आणि तुम्ही पत्र किती सौम्य लिहिलं होतं हे मी वाचलंय. त्यात एवढंच म्हटलं होतं, की कुलूपरावांची बोलण्याची ढब आणि 'मी आहेच इथे टांगलेला' हे वाक्य कंपनीच्या मालकीचं असून इतरत्र वापरू नये.

ते घेऊन मी धाकट्या साहेबांकडे गेलो. मी म्हणालो, "साहेब, ते वाक्य तिच्या वडिलांचं आहे." साहेबांनी मला बसवलं, पाणी दिलं. त्यांना खरंच वाईट वाटलं. म्हणाले, "दादा, मला हे आधी कोणी सांगितलं नाही. पण आता काय करणार? खोक्यावर छापलंय. आवाज कंपनीचा झालाय. तिला सांगा, ती हुशार आहे, ती नवा आवाज शोधेल."

मी विचारलं, "तो कुठे मिळतो, साहेब?"

साहेबांनी माझ्या ग्लासात आणखी पाणी ओतलं. ते पिऊन मी उठलो. त्यांना तरी काय विचारणार, मलाही माहीत नव्हतं.

ते खातं तिने बंद केलं. नंतर काही महिने ती रोज येऊन माझ्या शेजारी बसत होती. करायला काम नव्हतं, कारण कुलूपरावांना आता तपासावंही लागत नाही. ती पुन्हा ती घडीची पत्रिका लिहायची. किल्ली उजवीकडे फिरवा. तेल घाला. मी वाचायचो, त्यात एक अक्षर वावगं नसायचं आणि एक अक्षर तिचं नसायचं. निमंत्रणपत्रिकेत छापलंय, की 'नव्या वाटा शोधण्यासाठी त्यांनी स्वेच्छेने निवृत्ती घेतली.' स्वेच्छेने हे खरं आहे. वाटेचं म्हणाल, तर ती सोमवारपासून एका दवाखान्याच्या चौकशी खिडकीत बसणार आहे. मी बघून आलो ती जागा. काचेला आतल्या बाजूने एक कागद चिकटवलाय, त्यावर काय बोलायचं ते लिहिलंय. 'नाव सांगा. वय सांगा. उजव्या हाताला बसा. पुढचे.' मी म्हणालो, "अगं, तुझ्यासारख्या मुलीने हे?" ती म्हणाली, "दादा, मला आता दुसऱ्याने लिहिलेलंच बोलायचंय. तिथे कोणी माझ्या तोंडाकडे हसायला म्हणून बघणार नाही."

मी यावर तिची समजूत घालायला हवी होती. शोधलं मी. काही मिळालं नाही. वडील वारल्यावर माणसं आठवणींनी सावरतात असं म्हणतात. तिचे वडील तिला कसे आठवणार? त्यांचं एखादं वाक्य मनात यायला लागलं, की दुकानात, बसथांब्यावर, शेजारच्याच्या मोबाईलवर कोणीतरी तेच म्हणत असतं, आणि खाली सवलत असते. ती परवा म्हणाली, "बाबांचा आवाज आठवायला बसले की मला आधी तो डोळा मारलेला चेहरा दिसतो." मी हे तुम्हाला सुंदर करून सांगू शकत नाही. ते तसं आहे.

कार्यक्रमपत्रिकेत यानंतर 'सत्कारमूर्तींचं मनोगत' असं छापलंय. ते होणार नाही. तिने लिहायचा प्रयत्न केला होता. मला फोन करून म्हणाली, "पहिलं वाक्य लिहिते, दुसरं आपोआप येतं, आणि ते आलं की सगळे हसतील. तुम्ही सांगा त्यांना, की मी बोलणार नाही." म्हणून सांगतो. मागच्या रांगेतून कोणी 'होऊन जाऊ दे एक' असं ओरडू नये, ही विनंती. तुमच्या मनात प्रेमच असेल, तरी ओरडू नये.

तेव्हा तिच्या वतीने मीच आभार मानतो. अध्यक्षांचे मानतो, त्यांनी आज तिच्यासाठी खालचं काम दुपारीच थांबवलं, आणि या इमारतीत इतकी शांतता मी पहिल्यांदाच ऐकतो आहे. प्रमुख पाहुण्यांचे मानतो, माझं एवढं ऐकून त्या उठून गेल्या नाहीत. खुर्च्या मांडणाऱ्यांचे, माईक दोनदा बंद पडला तो चालू करणाऱ्या वायरमनचे, फुलं आणणाऱ्या जुळणी विभागाच्या बायकांचे मानतो. बोलण्याच्या भरात माझ्याकडून कोणाच्या पदाचा, वयाचा किंवा मनाचा मान राखायचा राहिला असेल, तर तो माझ्या अडाणीपणाचा भाग समजून पोटात घाला. भाषण लांबलं, त्याबद्दलही माफ करा.

चहा मागच्या टेबलावर ठेवला आहे. ती तिकडच्या खिडकीपाशी बसेल. भेटायला जरूर जा, मोबाईल खिशात ठेवून जा. काय बोलावं हे सुचलं नाही, तर काही बोलू नका, कप घेऊन नुसते शेजारी बसा. मीही तेच करणार आहे.

नमस्कार.